शाळेचे शेवटचे सहा आठवडे : आजी-आजोबांचे काम कोणते?

होळी उलटली, की प्राथमिक शाळेत जाणारे मूल असलेल्या घरात वर्षाअखेरची घाई सुरू होते. राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत दुसऱ्या सत्राचे संकलित मूल्यमापन, म्हणजे आपल्या भाषेत वार्षिक परीक्षा, एप्रिलमध्ये असते आणि १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, निकाल हाती पडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत हे सारे थोडे आधी, मार्चमध्येच उरकते. नेमक्या याच आठवड्यांत आई-वडिलांच्या कार्यालयांत ३१ मार्चच्या वर्षअखेरीची धांदल असते. बँका, हिशेबनिसांची कार्यालये, कारखाने, सगळीकडे उशिरापर्यंत दिवे जळतात. मुलाला घरात शांत बसलेले मोठे माणूस हवे असते, तेव्हा ते माणूस रात्री नऊला दमून परतते. मग दुपारी दार उघडणारे, पान वाढणारे आणि ‘उद्या कसला पेपर आहे?’ असे विचारणारे आपणच उरता.

ही जबाबदारी अंगावर आली, की बहुतेक आजी-आजोबा दोहोंपैकी एक वाट धरतात. काही जण शिक्षक होतात. दुपारचे जेवण झाले, की पाढे, शुद्धलेखन आणि उजळणीचा तास सुरू. काही जण ‘आजकालचा अभ्यास आम्हांला कळत नाही’ असे म्हणून अंग काढून घेतात. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. नवे शिकवण्याचे दिवस आता सरले आहेत. जे शिकून झाले ते परीक्षेच्या दिवशी ताज्या डोक्याने आणि न घाबरता कागदावर उतरावे, एवढेच काम बाकी आहे. त्यासाठी मुलाला लागते पुरेशी झोप, वेळेवरचे जेवण, ऐकणारा कान आणि ‘मला हे येत नाही’ असे निर्धास्तपणे सांगता येईल असे एक माणूस. शिकवणीला बाहेरची माणसे मिळतात. या गोष्टी देण्याइतका वेळ घरात आपल्याशिवाय बहुधा कोणापाशीच नसतो.

सकाळची शाळा आणि रात्रीचा सामना

मुलांची झोप पुरी व्हावी या हेतूने, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला. पण मार्च तापू लागला, की उन्हापासून बचाव म्हणून अनेक शाळा पुन्हा सकाळच्या होतात. कालपर्यंत साडेसातला उठणाऱ्या मुलाला सहाच्या ठोक्याला उठवावे लागते. म्हणजे ज्या महिन्यात परीक्षा, त्याच महिन्यात झोपेचे दीड-दोन तास कमी होण्याची भीती. ही बाब वेळापत्रकावर कोठेच दिसत नाही; घरातल्या माणसालाच ती ध्यानात घ्यावी लागते.

सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांनी चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ मध्ये केली. सहाला उठायचे असेल, तर नऊला मूल झोपी गेलेले हवे. नऊला अंथरूण घालायला सुरुवात करून चालत नाही. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे आता अनेक प्रयोगांतून सिद्ध झाले आहे. रात्री अकरापर्यंत बसवून करून घेतलेल्या पानभर उजळणीचा हिशेब म्हणूनच तोट्यात जातो.

येथे थोडे कटू बोलावे लागते. मार्चअखेरीस आयपीएल सुरू होते. साडेसातला सुरू झालेला सामना अकरा वाजून गेले तरी संपत नाही. आठ ते दहा या वेळातील मालिका तर आपल्याच आवडीच्या. दूरचित्रवाणी दिवाणखान्यात, मूल त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत, आणि आपण म्हणतो, ‘झोप आता.’ आवाज कमी केल्याने भागत नाही. घरातील मोठी माणसे जागी आहेत, काहीतरी मजेचे चालले आहे आणि आपल्यालाच झोपायला लावले आहे, ही भावना मुलाला जागे ठेवते. चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पाहता येतो. सहा आठवड्यांपुरता हा त्याग करावा असे मी आग्रहाने सांगेन.

झोपेची वेळ एकदम दीड तास अलीकडे आणता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे सरकवावी. दिवे मंद करावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, गोष्ट सांगावी. दुपारी शाळेतून आल्यावर मूल पेंगले, तर अर्धा-पाऊण तास जरूर झोपू द्यावे. मात्र चारच्या आत उठवावे, नाहीतर रात्रीचे गणित पुन्हा बिघडते.

ऊन आणि पोट

याविषयी आपल्याला फारसे सांगण्याची गरज नाही. कैरीचे पन्हे, ताक, कोकमाचे सरबत, नाचणीची आंबील हे आपल्याच पिढीचे ज्ञान आहे. दोनच सूचना. सकाळच्या शाळेला जाताना मुले उपाशी जातात; सहाला भूक नसते हे खरे, पण अर्धी पोळी-गूळ, एखादे केळे किंवा मऊ भाताचे चार घास पोटात गेलेच पाहिजेत. आणि परीक्षेच्या काळात ‘कधी नव्हे ते’ काही देऊ नये. बदामाचा शिरा, स्मरणशक्तीचे टॉनिक, बाहेरची मिठाई यांपेक्षा रोजचा वरणभात बरा.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गडद पिवळी लघवी ही उन्हाची पहिली लक्षणे. सावलीत आडवे निजवून घोट घोट पाणी द्यावे. जुलाब-उलट्या असतील, तर जीवनरक्षक क्षारांची पुडी सर्वांत उत्तम. ती घरात नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मोजून. मूल असंबद्ध बोलू लागले, अंग भाजू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बावन्नातून सत्तावीस गेले

आता अभ्यासाकडे वळू. आजोबांचा हात सर्वांत आधी गणिताच्या वहीकडे जातो आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळाही तेथेच होतो.

आपल्यापैकी अनेकांनी वजाबाकी अशी केली: ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, राहिले पाच. हातचा एक. खालचे दोन आणि हातचा एक, तीन. पाचातून तीन गेले, दोन. उत्तर पंचवीस. आज वर्गात बहुतेक ठिकाणी वेगळे शिकवतात. ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन एकक. एक दशक सुटा केला, की चार दशक आणि बारा एकक झाले. बारातून सात गेले, पाच; चारातून दोन गेले, दोन. उत्तर तेच, पंचवीस. पहिल्या रीतीत खालच्या संख्येत एक वाढतो, दुसरीत वरच्या संख्येत एक कमी होतो. दोन्ही रीती निर्दोष आहेत.

पण तिसरीतल्या मुलाने शाळेत एक रीत आणि दुपारी घरी दुसरी रीत शिकली, की परीक्षेत काय होते पाहा. बारातून सात गेले, पाच. मग बाईंचे आठवते, म्हणून वरच्या पाचाचे चार होतात. आजोबांचे आठवते, म्हणून खालच्या दोनाचे तीन होतात. चारातून तीन गेले, एक. उत्तर पंधरा! मुलाला दोन्ही रीती ‘येतात’, आणि म्हणूनच उत्तर चुकते. पेपर घरी आल्यावर त्याला ‘धांदरट’ ठरवले जाते. प्रत्यक्षात तो धांदरट नसतो. दोन आवडत्या माणसांचे एकाच वेळी ऐकत असतो.

तेव्हा नियम सोपा ठेवावा. ‘तुझ्या बाईंनी कसे शिकवले ते मला दाखव,’ असे म्हणावे आणि आपण विद्यार्थी व्हावे. आपली रीत सुट्टीत, मे महिन्यात, गंमत म्हणून जरूर दाखवावी. परीक्षेच्या तोंडावर नाही.

हेच अंकांच्या नावांचेही आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘एकवीस’ बरोबरच ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, हे आपल्याला आठवत असेल. भाषा बुडाली, असे म्हणणारे त्यात आपल्याच वयाचे अधिक होते. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका मुलांच्या अडचणीतून आलेली होती, आणि ती अडचण खोटी नव्हती. ‘त्रेसष्ट’ ऐकताना आधी तीन कानावर पडतात आणि लिहिताना आधी सहा लिहावे लागतात. ‘एकोणऐंशी’ मध्ये तर ऐंशी ऐकायचे आणि सात-नऊ लिहायचे. इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातील नातवाला आपण ‘सात नवे किती?’ विचारले आणि तो गप्प राहिला, तर त्याला पाढा येत नाही असे समजू नये. ‘सेव्हन नाइन्झा’ म्हणून पाहा. ‘सिक्स्टी थ्री’ लगेच बाहेर येईल. मराठी पाढे त्याला यावेत ही आपली इच्छा रास्त आहे. पावकी-निमकीची लय पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावी असे मलाही वाटते. पण ते काम एप्रिलचे नाही.

‘मला ऐकू येत नाही, जरा मोठ्याने वाच’

गणिताची चूक कागदावर दिसते. वाचनाची उणीव दिसत नाही, म्हणून ती अधिक चिंतेची. तिसरी-चौथीतील मूल धडा घडाघडा म्हणते आणि आपण समाधान पावतो. पण ते वाचत असते की वर्षभर ऐकून पाठ झालेले म्हणत असते? ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ च्या २०२४ च्या अहवालानुसार, पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. उरलेली निम्मी मुले रोज शाळेत जातात, वह्या पूर्ण करतात आणि फळ्यावरचे सुबक अक्षरात उतरवून घेतात. घरात कोणाला काही कळत नाही.

ते कळावे यासाठी पुस्तकातला धडा नको. वर्तमानपत्रातील एखादी छोटी बातमी, ‘किशोर’ मासिकाचा जुना अंक, विजेच्या बिलावरची सूचना, पापडाच्या पाकिटावरची कृती, मुलाने आधी न पाहिलेले काहीही द्यावे. परीक्षा घेतो आहोत असे भासू देऊ नये. आपल्यापाशी एक अस्सल निमित्त आहे: ‘चष्मा सापडत नाही रे, एवढे वाचून दाखव.’ ज्यांना खरोखरच कमी ऐकू येते, त्यांनी तर हे निमित्त न लाजता वापरावे. मोठ्याने वाचावे लागले, की मूल अक्षरे गिळत नाही. केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, असे उद्दिष्ट ठरवले आहे. आपण घड्याळ लावून बसू नये. पण मूल दर तिसऱ्या शब्दाला अडखळत असेल, जोडाक्षर आले की थांबत असेल, किंवा वाचून झाल्यावर ‘काय लिहिले होते?’ या प्रश्नाला उत्तर देत नसेल, तर ती नोंद मनात ठेवावी.

आणि पुढे काय करावे? रागावू नये. ‘चौथीत आहेस आणि हे येत नाही?’ हे वाक्य तोंडून निघाले, की ते मूल पुन्हा आपल्यासमोर मोठ्याने वाचणार नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे, त्याला जमते तेथून एक पायरी खाली उतरून, सोपे पुस्तक घ्यावे. एक वाक्य आपण, एक त्याने. अडलेला शब्द सांगून टाकावा आणि पुढे जावे. आपण गावी आणि नातवंडे शहरात किंवा परदेशात असतील, तर हेच काम दृक्‌श्राव्य फोनवरही चालते. दोन्हीकडे एकच पुस्तक असले म्हणजे झाले.

काही मुलांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, वाचले की डोके दुखणे ही लक्षणे असतील, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येऊन तपासणी करतात. त्यांनी काही चिठ्ठी दिली होती का, हेही पाहावे. नजर चांगली, समज चांगली, बोलणे चुणचुणीत आणि तरीही तिसरीनंतर अक्षरांची उलटापालट थांबत नाही, असे असेल, तर तो आळस नसून अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयासह काही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत तिची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलतीही मिळतात. आपल्या काळी अशा मुलांना ‘ढ’ म्हणत. आपल्या वर्गातील शेवटच्या बाकावरच्या एक-दोन मुलांची आठवण यानिमित्ताने पुष्कळांना होईल.

पुस्तक मिटून

‘वाच, पुन्हा वाच’ हा घरोघरचा मंत्र आहे. तो फारसा उपयोगी नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले. लहान मुलांच्या बाबतीतही आठवून सांगण्याचा असाच फायदा दिसून आला आहे. यासाठी आपल्याला पाचवीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक समजण्याची गरज नाही. धडा वाचून झाला, की पुस्तक आपल्या मांडीवर मिटून ठेवावे आणि म्हणावे, ‘आता मला समजावून सांग.’ आपल्याला खरोखर माहीत नसेल तर उत्तमच. मुलांना खोटा अजाणपणा लगेच ओळखू येतो. एकच धडा एका दिवशी चार वेळा घेण्यापेक्षा आज, परवा आणि पुढच्या आठवड्यात असा घ्यावा. वीस मिनिटे झाली, की उठू द्यावे. अंगणात, गच्चीवर, जिन्यात, कोठेही खेळू द्यावे.

सकाळची पोटदुखी

परीक्षेच्या आठवड्यात पोट दुखणारी मुले ढोंग करत नसतात. भीती पोटात उतरते हे आपण मोठेही अनुभवतो. दुखणे बेंबीभोवती असेल, सुट्टीच्या दिवशी नसेल आणि खेळताना विसरले जात असेल, तर बहुधा काळजीचे कारण नाही. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, वारंवार उलट्या, शौचावाटे रक्त, घटणारे वजन यांपैकी काही असेल, तर मात्र परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

साध्या पोटदुखीवर हिंग-ओवा द्यावा आणि शेजारी बसावे. ‘काही नाही, घाबरतोस काय?’ असे म्हणण्यापेक्षा ‘कशाची भीती वाटते?’ असे विचारावे आणि मग गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागतो. पुष्कळदा ते परीक्षेविषयी नसतेच. वर्गातील कोणी चिडवते, बाई ओरडतात, किंवा ‘कमी मार्क मिळाले तर बाबा बोलणार नाहीत’ असे काही निघते. शेवटचे उत्तर आले, तर ते मुलाच्या देखत सुनेला वा मुलाला सुनावू नये. नातवाच्या बाजूने उभे राहताना त्याच्या आई-वडिलांना त्याच्यासमोर चुकीचे ठरवले, की त्याला घरात दोन बाजू दिसू लागतात आणि तो त्यांचा उपयोगही करू लागतो. रात्री मूल झोपल्यावर बोलावे. तेही तक्रारीच्या सुरात नव्हे; ‘तो आज असे म्हणाला’ एवढेच. दिवसभर कार्यालयात असलेल्या आईला हे वाक्य दुसरे कोण सांगणार?

कौतुकाविषयीही एक सांगावेसे वाटते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना सोपी कोडी दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर ‘हुशार’ ठरलेल्या मुलांनी लवकर माघार घेतली आणि नंतरच्या कोड्यांतही ती मागे पडली. एका शब्दाने आयुष्य घडते-बिघडते असा याचा अर्थ नव्हे. या विषयावरील पुढच्या संशोधनात असे परिणाम लहान असल्याचेही दिसले आहे. पण ‘आमचा राजा हुशार आहेच!’ यापेक्षा ‘काल अडलेला गुणाकार आज तू न विचारता केलास’ हे म्हणायला काही पैसे पडत नाहीत. ‘पहिला आलास तर सायकल’ हे मात्र टाळावे. सायकल द्यायचीच असेल तर सुट्टी लागली म्हणून द्यावी.

आणि आपण स्वतः

या धावपळीत आपली प्रकृती मागे पडते. सकाळची शाळा साडेअकराच्या सुमारास सुटते, तेव्हा फाटकाबाहेर उन्हात उभे असलेले आजोबा मुलांपेक्षा अधिक धोक्यात असतात. छत्री, टोपी, पाण्याची बाटली बरोबर हवी. ‘नातू आल्याशिवाय जेवायचे नाही’ हा प्रेमाचा नेम मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पाळू नये; साखर अचानक उतरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते, तीही रस्त्यात, मुलाचा हात हातात असताना. आपल्या वेळेला जेवावे आणि नातवासोबत ताक घेत बसावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मुलासाठी केलेले मीठ-साखरेचे पाणी सवयीने स्वतः पिऊ नये. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. प्रत्यक्षात ते अधिक असते आणि फाटकातून बाहेर पडताच ते आपल्या खांद्यावर येते. सांधेदुखी असलेल्यांनी रात्रीच वेळापत्रक पाहून नको ती वही-पुस्तके बाहेर काढावीत. आणि आठवड्यातून एक दुपार शेजारच्या आजींकडे नातवंड सोपवून स्वतः निवांत झोपावे. यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

निकालाचा दिवस

१ मे रोजी प्रगतिपुस्तक हाती आले, की श्रेणीच्या रकान्याआधी बाईंनी लिहिलेल्या वर्णनात्मक नोंदी वाचाव्यात. मुलाला वर्षभर पाहणाऱ्या माणसाचे शब्द तेथे असतात. चुलत-मामेभावंडांच्या गुणांची फोनवर देवाणघेवाण त्या दिवशी तरी करू नये, निदान मुलाच्या कानावर पडेल अशी नको.

पाचवीतल्या मुलांच्या घरी मात्र अधिक सावध असावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नसे. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा उत्तीर्ण-अनुत्तीर्णचा अर्थ आला. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा मिळते. त्यातही यश आले नाही, तर त्याला पाचवीतच बसावे लागते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. ‘पास करतातच की सगळ्यांना’ असे धरून चालणाऱ्या पुष्कळ घरांना हे त्या दिवशीच कळते.

असे घडले, तर ती सुट्टी बहुधा आपल्याच घरी, गावी जाणार असते. तेव्हा मूल शाळेतून बाहेर पडण्यापूर्वीच वर्गशिक्षकांना भेटून कोणते विषय राहिले, कोणते धडे आधी घ्यावेत आणि जादा वर्ग केव्हा आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे. नंतर शिक्षकही सुट्टीवर जातात आणि फोन लागत नाहीत. पुस्तके मुलाच्या पिशवीत आहेत ना, हे पाहावे. आणि परतीच्या गाडीचे आरक्षण फेरपरीक्षेची तारीख विचारल्याशिवाय करू नये.